फुगवट्याची गाज

सुकन्याने डोळे उघडले तेव्हा अख्खं सभागृह तिच्याकडे बघत होतं. बघण्यात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. मांडवात नवरीचा पाय साडीत अडकला की वऱ्हाड जसं बघतं तसं ते बघणं होतं, पुढचं काही चुकायला नको म्हणून. समोर हर्षल सर उभे होते. पोरगेलं वय, पायांत पांढरे बूट, गळ्यात 'सुलभक' असं छापलेलं ओळखपत्र. त्यांच्या हातातला मोबाईल केव्हाच खाली आला होता आणि टेबलावरच्या स्पीकरचा निळा दिवा विझला होता. म्हणजे समुद्र संपला होता, कधी संपला ते देव जाणे. डोळे मिटा, समुद्राची गाज ऐका, आवाज थांबला की डोळे उघडा, एवढंच तर सांगितलं होतं. सगळ्यांचा आवाज थांबला, तिचा थांबला नाही. हर्षल सरांचे ओठ हलले आणि मग रांगेरांगेने दात दिसले. ओठांवरून तिला कळलं ते असं, की मॅडम अजून समुद्रावरच आहेत, त्यांना कुणीतरी घेऊन या. तीही हसली. हसायला उशीर झाला की माणूस पकडला जातो हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि आज तिला उशीर झाला होता.

नगरच्या मास्तरांना समुद्राचा अभ्यास कशाला, हा प्रश्न सकाळी चहाच्या वेळेलाच विचारून झाला होता. योजना किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांसाठी निघाली होती. विद्यार्थ्यांनी किनाऱ्यावर जायचं, चौकट टाकायची, चौकटीतले जीव मोजायचे, पाण्याचा रंग बघायचा, पक्षी ओळखायचे, आणि हे सगळं त्यांच्याकडून करून घ्यायला आधी मास्तरांना शिकवायचं. मग वर कुणाच्या तरी लक्षात आलं की जायकवाडी धरणाचं मागे तुंबलेलं पाणी, म्हणजे फुगवटा, नेवासा तालुक्यात शिरलेलं आहे आणि त्या पाण्याचं नाव नाथसागर आहे. सागर म्हटल्यावर किनारा आलाच. आडात नाही ते पोहऱ्यात आणायची आपल्या खात्याला जुनी खोड. हर्षल सरांना कोकणात पाठवून, समुद्र दाखवून परत आणलं आणि आता ते तो समुद्र मोबाईलमध्ये घालून नगरला घेऊन आले होते. त्यांनी आल्या आल्या एक समुद्रटाळी शिकवली. हात लांबून जवळ आणायचे, एक टाळी, आणि परत लांब. पन्नाशीला टेकलेले मास्तर, ज्यांनी आजवर पाऊसटाळी, वाघटाळी, रेल्वेटाळी अशा कितीतरी टाळ्या पचवल्या होत्या, त्यांनी हीही पचवली. सुकन्याने शेजारणीचे हात बघून वाजवली. टाळीचं एक बरं असतं, ती डोळ्यांनी ऐकता येते.

तिच्या कानांत एक घोंघों होती. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटलं, शेजारी कुणाची गिरणी सुरू झाली असेल. सुट्टीच्या दिवशीही गिरणी थांबेना तेव्हा ती सावेडीतल्या एका डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने कानाला खोके लावले, बटणं दाबली, आणि कागदावर लिहून दाखवलं की नस वाळत चालली आहे, बाहेरचं कमी कमी होत जाईल आणि आतलं राहील, यंत्र लावा. लिहून दाखवलं याचाच तिला राग आला. यंत्र लावणं म्हणजे कपाळावर पाटी लावणं. ती घरी आली आणि पाटीवाचून जगायची कला शिकायला बसली. सभेत पहिल्या रांगेत बसायचं. ओठ वाचायचे. मिशीवाल्यांपासून लांब राहायचं. वर्गात पोराने काहीही उत्तर दिलं की म्हणायचं, शाबास. बरोबर उत्तराला शाबास चालतं, चुकीच्या उत्तराला 'प्रयत्न केलास' म्हणून चालतं, आणि कुणी नुसतंच काही पुटपुटलं असेल तरी शाबास म्हटलं की पोर खाली बसतं. तिचा वर्ग फार प्रेमळ आहे अशी केंद्रात ख्याती झाली. पहिल्या बाकावर राजनंदिनी नावाची एक मुलगी बसायची, सहावीतली, हनुवटी पुढे काढून एकेक अक्षर सुटं करून बोलायची, तोंड इतकं मोठं उघडायची की पडजीभ दिसावी. वर्गात कुणीही काहीही बोललं की ही उभी राहून ते परत सांगायची. सुकन्याने तिच्या वाचेचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. ही पोर असं का बोलते, हे मात्र तिने स्वतःला कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आपली मूठ झाकलेलीच आहे असं तिला वाटत होतं. मूठ उघडली तर वर्ग जाईल, कुठल्या तरी कार्यालयात टपाल फोडायला बसवतील. तेही एक वेळ परवडलं असतं. पण बहिरं माणूस हाती लागलं की लोक त्याचं काय करतात, याची तिला भीती होती. भीती ऐकीव नव्हती. ते तिने स्वतः केलं होतं.

चहाच्या वेळी रंगनाथ सर तिच्यापाशी आले. हे तिचे केंद्रप्रमुख, म्हणजे दहाबारा शाळांचे धनी. जुना माणूस, कुणाचं वाईट करत नसे आणि कुणाचं काही विसरतही नसे. सगळं सभागृह हसलं तेव्हा हे एकटे हसले नव्हते. ते तिने बघितलं होतं आणि तेच तिला सलत होतं. त्यांची मिशी वरच्या ओठावर उतरलेली, त्यामुळे त्यांचं अर्धंच बोलणं दिसायचं. "उद्या तुमच्याच शाळेवर जायचंय, फुगवट्याला," ते म्हणाले. "तुमचीच पोरं, तुमचंच पाणी. पाठ तुम्हीच घ्या मॅडम." ती "हो" म्हणाली. मग त्यांनी तेच परत सांगितलं, हळू, शब्द शब्द सोडवून, आणि मध्येच थांबून तिच्या डोळ्यांत बघितलं. इतक्या हळू ते कुणाशी बोलत नसत. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे उताराला लागलेली बैलगाडी. सुकन्याला वाटलं, हा माणूस उद्या मला सगळ्यांसमोर उघडी करणार. किंवा सांभाळून घेणार. दोन्हींत फार फरक नाही असंही तिला वाटलं.

संध्याकाळी ती दिल्ली दरवाज्याकडून चालत निघाली तेव्हा एक मोटरसायकल तिच्या कोपराला घासून पुढे गेली. चालवणाऱ्याने वळून तोंड वासलं. शिवी होती, ती वाचायला ओठही लागत नाहीत. त्याने हॉर्न वाजवला असेल. सगळं गाव मागून हॉर्न वाजवत असेल आणि आपण मधोमध चालत असू. ती भिंतीच्या कडेला सरकली आणि भिंतीला हात लावून चालू लागली, आणि त्या हातापाशी तिला भागूआत्याचा हात आठवला. तिसगावच्या घरात वडिलांची ही बहीण होती, भागूबाई, नवरा नाही, कान नाहीत, एकुलता एक मुलगा बन्सी दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचा तो उन्हाळ्यात परत यायचा. आत्या ओठ वाचायची. पोरांनी त्यावर एक खेळ काढला. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, मोठे मोठे करून, आणि म्हणायचं, आत्या, बन्सी आला. आत्या हातातलं पीठ तसंच ठेवून स्टँडवर पळायची. मोकळ्या एस.टी.ला फेरी मारून परत यायची, पदराने तोंड पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी परत पळायची. काही दिवसांनी तिलाही समजलं. मग ती पळायच्या आधी पोराच्या गळ्यावर पंजा ठेवायची. "बोल आता," म्हणायची. "खरं बोलतीस व्हय? बोल बरं." गळा थरथरला तर खरं, गार असला तर खोटं. तो पंजा राखेचा आणि कांद्याचा वास येणारा, खरबरीत, आणि गळ्यावर ठेवताना इतका हलका की गुदगुल्या व्हायच्या. मोठ्याने खोटं बोलावं तर घरातली मोठी माणसं ऐकणार, म्हणून बाकीची पोरं तिथे हरली. सुकन्या हरली नाही. तिने शोधून काढलं की कुणाला ऐकू न जाताही गळ्यात भुंगा सोडता येतो. शब्द न बोलता नुसतं गुणगुणायचं, वर ओठ हलवायचे. आत्याच्या पंजाला थरथर लागायची, तिचं तोंड उजळायचं, आणि ती पळायची. ओसरीवर पोरं गडाबडा लोळायची. सुकन्याला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं होतं. तो सबंध हिवाळा ती घरातली सगळ्यात हुशार मुलगी होती.

फेब्रुवारीत टोळीचा ट्रक उलटला. निरोप आला तेव्हा वडील आत्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "भागू, बन्सी गेला गं." आत्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग त्यांच्या गळ्यावर पंजा ठेवला, बराच वेळ ठेवला. वडील रडत होते, गळा चांगला थरथरत असणार. आत्या हसली. "आता तू बी व्हय रे," म्हणाली. "लेकरांत लेकरू झाला." आणि परत भाकरी थापायला बसली. बन्सीला ओसरीवर आणून ठेवेपर्यंत तिने तीन भाकरी केल्या होत्या. सुकन्या कणगीमागे उभी होती. तिला दुःख व्हायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला तेव्हा एवढीच धास्ती होती की आता कुणीतरी आपलं नाव सांगेल. कुणी सांगितलं नाही. ही मुलं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, लग्नांत भेटली की आत्याचे किस्से सांगून हसायची, आणि हा एक किस्सा टाळायची.

घरी भागवत, तिचा नवरा, नागापूरच्या कारखान्यातून येऊन पाय धूत होता. त्याची पाठ तिच्याकडे होती. पाठीकडे बघून माणूस बोलतंय की नाही हे कळत नाही, खांदे जरा हलले म्हणून ती म्हणाली, "हं." तो वळला आणि तिच्याकडे बघत राहिला. बायकोच्या कानांचं त्याने फार पूर्वीच एक निदान करून ठेवलं होतं: "तुला पाहिजे तेवढंच ऐकू येतं." हे वाक्य तिला त्याच्या ओठांवर तोंडपाठ झालं होतं. आज त्याने नुसता पंचा झटकला आणि तो आत गेला. जेवताना तो फोनवर कुणाशी तरी बोलला, तिच्यासमोर बसून, हसत, मध्येच तिच्याकडे बघत, मध्येच तोंडावर हात धरत. तोंडावर हात कशाला धरला असेल याचा विचार करत ती झोपली. खाई त्याला खवखवे. ज्याने कुणाला फसवलेलं नसतं त्याला तोंडावरचा हात हात दिसतो. सुकन्याला त्या हातामागे सगळं तिसगाव बसलेलं दिसायचं.

फुगवटा मार्चात मागे हटतो आणि गाळ उघडा पडतो. त्यावर लोक गहू करतात, टरबुजं लावतात. पुढे नुसता चिखल, आणि त्यापुढे पाणी, इतकं की पलीकडचा काठ दिसू नये. मास्तरांची बस शाळेपाशी थांबली. सगळे चपला हातात घेऊन चिखलात उतरले, आणि सुकन्याच्या वर्गातली पोरं प्लॅस्टिकच्या नळ्यांची चौकट डोक्यावर घेऊन पुढे पळाली. पहिला भाग फार छान झाला. चौकट टाकली, पोरं भोवती उकिडवी बसली, शंख मोजले, फुटके शिंपले मोजले, थर्माकोलचे दाणे, गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं. बोटं वर करून दाखवायची असल्यामुळे तिला काहीच अडचण आली नाही. हर्षल सरांनी अंगठा दाखवला. रंगनाथ सर मागे हात बांधून उभे होते. सुकन्याला वाटलं, निभतंय. तिला इतका आनंद झाला की तिने पदर खोचून स्वतःही चिखलात हात घातला. मग हर्षल सर पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात कानांमागे धरून दाखवले. आता आवाज. सगळ्यांनी डोळे मिटून किनारा ऐकायचा, आणि मग एकेकाने सांगायचं. वारा पाण्यावरून येत होता, आणि तिच्या कानांतली गाज त्या वाऱ्यात मिसळून एवढी मोठी झाली होती की जगात दुसरं काही उरलंच नव्हतं. कालचा धडा घेऊन तिने या वेळी डोळे मिटले नाहीत. पोरं डोळे मिटून बसली होती. मास्तरही. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या माणसांमध्ये तिला क्षणभर फार बरं वाटलं. कुणीच बघत नव्हतं.

मग डोळे उघडले आणि ओठ हलायला लागले. पोरं पाण्याकडे तोंड करून बोलत होती, अर्धे गाल दिसत होते, केस तोंडावर येत होते. शाबास, ती म्हणाली. शाबास. ओम उभा राहिला, काहीतरी म्हणाला. शाबास. आणि सगळी पोरं एकदम पुढे वाकली. मास्तरांचे खांदे हलले. हर्षल सरांनी मान वळवून तोंड लपवलं. सुकन्या ओमच्या ओठांकडेच बघत राहिली होती, त्याने वर धरलेली करंगळी तिला आत्ता दिसली. पोराने लघवीला जायची परवानगी मागितली होती. तो गोंधळून तसाच उभा होता, करंगळी वर, जाऊ की बसू. ती म्हणाली, "जा." पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. रंगनाथ सर हसत नव्हते. ते तिच्याकडे येत होते, सावकाश, आजाऱ्याकडे जावं तसे. तिला वाटलं, आता हा माणूस माझा हात धरून मला बाजूला नेईल. तेवढ्यात राजनंदिनी उभी राहिली.

पोर नेहमीसारखी हनुवटी पुढे काढून उभी राहिली आणि बोलायला लागली. ओठ मोठे, एकेक अक्षर सुटं, तोंड पडजिभेपर्यंत उघडं. टि, ट, वी. मग पाण्याकडे बोट. मग आणखी काही, तेवढंच मोठं, तेवढंच सुटं. मास्तर माना डोलावत होते, एकजण लिहून घेत होता, हे सगळं सुकन्याला दिसत होतं. पण तिला दुसरंही काहीतरी दिसलं. खऱ्या बोलण्यात माणूस ओठ इतके मोठे करत नाही. ओठ मोठे करतात ते एकाच खेळात. तिने ते तोंड ओळखलं. ते तिचं स्वतःचं तोंड होतं, तिसगावच्या ओसरीवरचं. म्हणजे वर्षभर ही पोर समोर उभी राहून हवा बोलत होती आणि मागे सगळा वर्ग लोळत होता. मान डोलावणारे सामील होते. लिहून घेणारा सामील होता. काल तो समुद्रसुद्धा कुणी लावलाच नव्हता, नुसते डोळे मिटायला लावून सगळे बघत बसले होते. तिला राग आला नाही. फार जुनी, फार थंड अशी एक लाज आली, आणि ती दोन पावलं पुढे होऊन तिने राजनंदिनीच्या गळ्यावर पंजा ठेवला.

"बोल आता," ती म्हणाली. पोर बोलली. पंजाखाली गळा थरथरत होता, चिमणी मुठीत धरल्यासारखा, गरम. आवाज होता. क्षणभर सुकन्याचं तोंड उजळलं, अगदी भागूआत्याचं उजळायचं तसं. आणि मग तिला भुंगा आठवला. थरथर म्हणजे आवाज असेल, किंवा नुसतं गुणगुणणं असेल. गळा काही सांगत नाही, हे सबंध जगात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ते तर तिनेच शोधून काढलं होतं. "मोठ्याने," ती म्हणाली. थरथर वाढली. भुंगाही वाढवता येतो. तिने पंजा जरा घट्ट केला, खालचा शब्द हाताला लागावा म्हणून. "खरं बोलतेस का? बोल." पोरीचे डोळे मोठे झाले, तिने आणखी मोठं तोंड उघडलं, आणि सुकन्याने आणखी घट्ट धरलं. शब्द लागत नव्हता. शब्द तिथेच कुठेतरी होता, बोटांच्या आत, आणि लागत नव्हता. मग थरथर थांबली.

रंगनाथ सरांनी तिचं मनगट पिळून सोडवलं. तिची बांगडी फुटून चौकटीत पडली. आता सगळीच तोंडं उघडी होती, मास्तरांची, पोरांची, हर्षल सरांची, सगळी एकदम हलत होती, कुठलं आधी वाचावं ते कळेना. कुणीतरी राजनंदिनीच्या पाठीवर थापट्या मारत होतं. ती चिखलात बसली होती, खोकत होती, गळ्यावर चिखलाची पाच बोटं उठली होती. तिला श्वास आला तशी तिने वर बघितलं. आईकडे न्या असं ती कुणाला म्हणाली नाही. ती आपल्या बाईंकडे बघत होती. तिने हनुवटी पुढे काढली आणि काहीतरी सांगितलं. नेहमीसारखंच सुटं सुटं सांगायचा तिचा प्रयत्न होता, पण रडणाऱ्या तोंडाला आकार धरवेना, ओठ वाकडे होऊन मिटत होते. सुकन्याला ते वाचता आलं नाही. पोरीने ते परत सांगितलं. हळूहळू बाकीची तोंडं मिटली आणि सगळे सुकन्याकडे बघू लागले. मूल काहीतरी विचारत होतं आणि उत्तर फक्त तिच्याकडे होतं, हे तिलाही समजत होतं. कानांत समुद्र वाजत होता. तिने त्या वाकड्या, ओल्या तोंडाकडे अगदी नीट बघितलं.

"शाबास," ती म्हणाली.